स्कर्टिंगची पट्टी भिंतीप्रमाणे कापावी

कर्वेनगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण तीस वर्षे जुन्या इमारतीतील फ्लॅटच्या एका बेडरूममध्ये जुन्या मोझेक लादीवरच ८ मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट फ्लोअरिंग टाकले, त्याआधी लादीची जुनी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, छिन्नीने काढून मिस्त्रीकडून ती जागा सिमेंटने भरून घेतली, आणि मग एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) तीन इंची स्कर्टिंग प्रश्नकर्त्यांनी स्वतः कापून चिकटवली. पट्ट्या बरोबर ४५ अंशांत कापूनही दोन कोपऱ्यांत फट दिसते, पावसाळ्यात एक पट्टी भिंतीपासून सुटली आणि बाल्कनीच्या दाराजवळची पट्टी खालच्या कडेने फुगली. अजून दोन खोल्या व्हायच्या आहेत. त्यांत काय बदलावे आणि त्यासाठी कटर मशीन घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

वर्णन वाचून असे दिसते की कापण्यात हात चुकलेला नाही. ४५ अंशांचा काप ४५ अंशांतच झाला असणार. कोपरा मात्र ९० अंशांचा नसणार. गिलावा करताना मिस्त्री ओळंबा आणि गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावतो तो बहुतेक डोळ्यांच्या उंचीला. जमिनीलगतच्या शेवटच्या चार इंचांत थापी नीट फिरत नाही, तिथे माल साचतो आणि कोपऱ्यात भिंत थोडी पोटात येते. आपल्या खोलीत तर जुनी स्कर्टिंग फोडून तीच जागा नव्याने भरलेली आहे, म्हणजे नेमक्या पट्टीच्या उंचीवर भिंतीचा चेहरा बदललेला आहे. त्यामुळे उरलेल्या खोल्यांत एकही पट्टी कापण्याआधी भिंत तपासण्यासाठी वेळ द्यावा.

तपासणी सोपी आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर जमिनीलगत ६० सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या भिंतीवर ८० सेंटिमीटरवर खूण करावी आणि दोन्ही खुणांमधले तिरके अंतर मोजावे. ते बरोबर १ मीटर भरले तर कोपरा काटकोनात आहे. जास्त भरले तर कोपरा उघडा आहे, कमी भरले तर मिटलेला आहे. पुण्यातल्या जुन्या इमारतींत ८८ ते ९३ अंशांपर्यंतचे कोपरे मला नेहमी भेटतात, आणि नव्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या कॉंक्रिटच्या भिंती सरळ असल्या तरी वरच्या पुट्टीच्या थरांनी कोपरा अर्धा-एक अंश सहज हलतो.

एक-दोन अंशांनी इतके काय बिघडते, असे वाटू शकते. पट्टी १५ मिलिमीटर जाड असेल तर ४५ अंशांच्या कापाची लांबी सुमारे २१ मिलिमीटर होते, आणि कोपरा ९२ अंशांचा असेल तर त्या २१ मिलिमीटरवर दोन अंशांची फट म्हणजे जवळजवळ पाऊण मिलिमीटर होते. हे अंतर लहान असले तरी आतल्या कोपऱ्यात ते पुढच्या बाजूला, म्हणजे नेमके बघणाऱ्याच्या समोर उघडते, आणि पांढऱ्या पट्टीवर काळी रेघ होऊन दिसते. कोपरा ८८ अंशांचा असेल तर उलट होते: पुढच्या कडा एकमेकींना आधी टेकतात, फट मागे लपते. म्हणूनच आपल्या खोलीतल्या चार कोपऱ्यांपैकी दोनच वाईट दिसतात. उरलेले दोन बरोबर असतीलच असे नाही.

कोन मोजण्याच्या यंत्रावर खर्च करण्याची गरज नाही. कोपऱ्यात जमिनीवर मास्किंग टेप चिकटवावी. ज्या पट्टीची स्कर्टिंग करायची आहे तिचाच हातभर तुकडा एका भिंतीला टेकवून त्याच्या पुढच्या कडेने टेपवर रेघ मारावी, मग तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला टेकवून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू आणि भिंतीचा कोपरा यांना जोडणारी तिरकी रेघ हीच आपल्या कापाची खरी रेघ. बेव्हल, म्हणजे सरकत्या पात्याचा गुण्या, त्या रेघेवर ठेवून घट्ट करावा आणि तोच कोन पट्टीवर उतरवावा. यात अंशांचा आकडा लागतच नाही, म्हणून मला ही पद्धत अधिक विश्वासाची वाटते. यंत्रावर आकडा लावायचाच असेल तर १८० मधून कोपऱ्याचा कोन वजा करून निम्मे करावे. ९२ अंशांच्या कोपऱ्याला यंत्रावर ४४ लागतो, ४६ नव्हे. यंत्राचा शून्य हा आडव्या सरळ कापाचा असतो, त्यामुळे अनेकांचा इथे नेमका उलटा गोंधळ होतो आणि फट दुप्पट होते.

आता महत्त्वाची गोष्ट. आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या तिरक्या कापून समोरासमोर मिळवण्याची पद्धत मी शक्य असेल तिथे टाळतो. ती पहिल्या दिवशी सुंदर दिसते, पण स्क्रू आवळताना पट्टी भिंतीकडे थोडी जरी ओढली गेली की सांधा उघडतो. त्याऐवजी पहिली पट्टी सरळ कापून थेट भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसऱ्या पट्टीचे टोक पहिलीच्या नक्षीवर बरोबर बसेल अशा आकारात कोरून तिच्या अंगावर टेकवावे. यासाठी दुसऱ्या पट्टीचे टोक आधी आतल्या कोपऱ्यासारखे ४५ अंशांत कापून घ्यावे. तसे कापले की पट्टीच्या दर्शनी पृष्ठावर कापाची जी कड उमटते ती पट्टीच्या नक्षीचाच छेद असते. त्या कडेवर पेन्सिल आडवी धरून ती काळी करावी, म्हणजे करवत कुठून न्यायची ते स्पष्ट दिसते. मग कोपिंग सॉने, म्हणजे बारीक पात्याच्या धनुष्याकृती करवतीने, त्या काळ्या रेघेवरून कापत जावे आणि पाते मागच्या बाजूला पाच-सात अंश झुकते ठेवावे. परिणामी पुढची कड तेवढी टेकते आणि मागचा माल आड येत नाही, म्हणून कोपरा ८८ चा असो की ९२ चा, समोरून सांधा बंदच राहतो.

कापून झाल्यावर टोक पहिल्या पट्टीला लावून पाहावे, जिथे उजेड दिसतो त्याच्या शेजारचा जो भाग अडतो आहे तो अर्धगोल कानशीने किंवा पेन्सिलीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने हलकेच घासावा, पुन्हा लावावे. एमडीएफ घासताना कड लवकर झिजते, म्हणून कानस नेहमी दर्शनी बाजूकडून मागे ढकलावी. उलट ओढल्यास वरचा रंगाचा थर उचकटतो. पट्टीच्या माथ्याकडचे वरचे दोन-तीन मिलिमीटर मात्र मागे झुकवू नयेत, ते कोपऱ्याच्या खऱ्या कोनातच ठेवावेत. नाहीतर उभ्याने खाली पाहिले की माथ्यावर त्रिकोणी खाच दिसते. सध्या पुण्यात सपाट, फक्त वरची कड किंचित गोल असलेली स्कर्टिंग जास्त चालते. तिच्यात कोरायचे असे फारसे काही नसते, माथ्याच्या गोलाईएवढाच भाग घडवावा लागतो आणि खालचा काप सरळच येतो. नवख्याने पहिल्यांदा हीच पट्टी घ्यावी.

बाहेरच्या कोपऱ्याला, म्हणजे खांब किंवा पॅसेजच्या वळणावर, तिरका सांधाच करावा लागतो. तिथे दोन्ही काप हिशेबापेक्षा अर्धा अंश जास्त घ्यावेत, जेणेकरून पुढची टोके आधी भेटतील आणि बारीकशी पोकळी भिंतीकडे राहील. सांध्यात लाकूडकामाचा फेविकॉल लावून दोन्ही तुकडे मास्किंग टेपने घट्ट बांधून ठेवावेत आणि डिंक सुकल्यावरच जोडलेला कोपरा भिंतीला बसवावा. त्या कोपऱ्यावर झाडू, सुटकेस आणि मुलांची सायकल यांचा सगळा मार येतो, तो नुसत्या लांबीवर, म्हणजे फट भरायच्या पुट्टीवर, टिकत नाही.

लांबी मोजताना मेजर टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने आकडा वाचू नये. दोन बारीक पट्ट्या एकमेकींवर ठेवून त्यांची टोके दोन्ही भिंतींना लागेपर्यंत सरकवाव्यात, मधोमध दोन्हींवर आरपार रेघ मारून त्या बाहेर काढाव्यात आणि तीच लांबी स्कर्टिंगवर उतरवावी. पात्यालाही स्वतःची जाडी असते, म्हणून काप नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला घ्यावा. कोरलेल्या टोकाची पट्टी साधारण एक मिलिमीटर लांब ठेवली तर ती मधून किंचित फुगवून जागेवर ढकलता येते आणि टोक आपोआप दाबून बसते. कारागीर अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, आणि स्कर्टिंगला तेवढी जास्तीची लांबी फार होते, पट्टी भिंतीपासून सुटून उभी राहते. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर कोणती भिंत, डावे टोक कोणते, वरची बाजू कोणती हे पेन्सिलीने लिहावे. वाया जाणाऱ्या पट्ट्यांपैकी निम्म्याहून जास्त आखूड कापल्यामुळे जात नाहीत, त्या उलट्या दिशेने कापल्यामुळे जातात.

सरळ भिंतीवर पट्टी अपुरी पडली तर दोन तुकडे समोरासमोर सरळ कापून जोडू नयेत. दोन्ही टोके एकाच दिशेने तिरकी कापून एकावर एक चढवावीत आणि दारातून आत येताना ज्या बाजूने नजर जाते त्या बाजूने सांध्याची फट दिसणार नाही अशी दिशा ठेवावी. पट्ट्या सहसा आठ फुटांच्या मिळतात, त्यामुळे दहा-बारा फुटांच्या भिंतीला एक जोड येतोच. तो पलंग किंवा कपाटामागे जाईल असे आधीच ठरवून घ्यावे.

सुटलेल्या पट्टीबद्दल. आपली इमारत ज्या काळातली आहे त्या काळात भिंतीवर विटांवर वाळू-सिमेंटचा गिलावा, त्यावर नीरूचा (चुन्याच्या बारीक लेपाचा) गुळगुळीत हात आणि वर डिस्टेंपर अशी रचना सर्रास असे. अ‍ॅडहेसिव्ह डिस्टेंपरला घट्ट धरतो, पण डिस्टेंपर भिंतीला धरत नाही. पावसाळी दमट हवेत तो थर मऊ पडतो आणि पट्टी आपल्याबरोबर रंगाची पातळ पापुद्री घेऊन सुटते. सुटलेल्या पट्टीची पाठ पाहावी: रंग चिकटून आला असेल तर दोष अ‍ॅडहेसिव्हचा नाही. नुसत्या चिकटवण्यावर राहायचे असेल तर तेवढ्या पट्ट्यातला रंग खरवडून गिलावा उघडा करावा, धूळ ओल्या फडक्याने पुसून सुकू द्यावी आणि मगच लावावे. मी तरीही स्क्रूच सुचवेन.

विटांच्या भिंतीसाठी ६ मिलिमीटरचे मेसनरी बिट, ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात ठोकायची नळी) आणि ८ नंबरचा ५० मिलिमीटर लांबीचा स्क्रू पुरतो. पट्टीचे १५ आणि गिलाव्याचे साधारण १२ मिलिमीटर वजा जाता दोन सेंटिमीटरहून अधिक स्क्रू विटेत जातो, आणि खरी पकड तिथेच असते. गिट्टी गिलाव्यात अर्धवट राहिली तर स्क्रू नुसता फिरत राहील. म्हणून भोक खोल पाडून गिट्टी गिलाव्याच्या आत, विटेपर्यंत ठोकावी. अंतर ४० ते ५० सेंटिमीटर ठेवावे आणि दोन्ही टोकांपासून १० सेंटिमीटरवर एकेक स्क्रू घ्यावा. एमडीएफमध्ये टोकाला फार जवळ गेले तर ते फाटते. पट्टीत आधी भोक पाडून स्क्रूच्या डोक्यापुरता खळगा करावा, म्हणजे डोके आत बुडते आणि लांबी भरता येते. वाकड, हिंजवडीकडच्या नव्या इमारतींत भिंत कॉंक्रिटची असेल तर साधे ड्रिल दमते, रोटरी हॅमर भाड्याने आणावा. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर हॅमर बंद ठेवून भोक पाडावे आणि त्या ब्लॉकसाठीचीच लांब गिट्टी वापरावी. ठोके दिले तर भोक मोठे होऊन बसते.

ड्रिल करण्याआधी स्विचबोर्ड आणि प्लग पॉइंट पाहून घ्यावेत. भिंतीतले वायरिंगचे पाइप बहुतेक उभे उतरतात, म्हणून बोर्डाच्या थेट वर-खाली दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडावी. ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे तिथे तर मी स्क्रू घेतच नाही, तेवढी पट्टी खरवडलेल्या गिलाव्यावर चिकटवतो. त्याच भिंतीवर ओल आहे का तेही पाहावे: हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवावा, आतून बाष्प जमले तर आधी ओल दुरुस्त करावी. कोणतीही स्कर्टिंग ओल थांबवत नाही, ती फक्त झाकते.

इथे लॅमिनेटवाल्यांसाठी एक नियम आहे आणि तो मोडलेला मी वारंवार पाहतो. लॅमिनेट भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर सोडून टाकतात, कारण हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते संपूर्ण खोलीभर पसरते आणि आकसते. स्कर्टिंग त्या फटीवर पांघरूण घालते. म्हणून ती भिंतीलाच पकडायची, फ्लोअरिंगमध्ये एकही स्क्रू किंवा बारीक खिळा जाऊ द्यायचा नाही आणि खालच्या कडेला अ‍ॅडहेसिव्हही लावायचा नाही. बसवताना पट्टीखाली जाड कार्डाचा तुकडा ठेवावा आणि शेवटी ओढून काढावा. पट्टीची जाडी फटीपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त हवी, त्यामुळे १२ मिलिमीटरची पट्टी काठावर पास होते, १५ ची निश्चिंत. जमीन वरखाली असेल तर सगळ्यात मोठी फट मोजून कंपासचे अंतर तेवढे लावावे, जमिनीवरून कंपास ओढत पट्टीवर रेघ उमटवावी आणि खालची कड रंध्याने त्या रेघेपर्यंत उतरवावी.

फुगलेल्या पट्टीचे कारण पाऊस कमी आणि लादी पुसणे जास्त हे आहे. परदेशी पुस्तकांतल्या सूचना व्हॅक्यूम क्लीनरने झाडणाऱ्या घरांसाठी असतात. आपल्याकडे रोज ओले फडके किंवा मॉप कडेकडेने फिरतो आणि पाणी एमडीएफच्या खालच्या उघड्या कडेतून वर चढते. पट्टी पुढून रंगवलेली असते, पण खालची कड, पाठ आणि कापलेली टोके कोरीच राहतात. साध्या एमडीएफऐवजी एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेच्या आणि ओलाव्याला टिकणाऱ्या, बोर्डाची पट्टी घ्यावी आणि बसवण्यापूर्वी चारही कडांना ऑइल प्रायमरचे दोन हात द्यावेत, कोरलेल्या टोकांनासुद्धा. बाल्कनीच्या दाराजवळ, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाऱ्याबरोबर झड आत येते, तिथे मी बोर्ड वापरतच नाही. तेवढ्या भिंतीची पट्टी डब्ल्यूपीसी (लाकूड आणि प्लास्टिक यांचे मिश्रण) किंवा पीव्हीसीची करावी, रंग लावला की फरक कळत नाही. पीव्हीसी मात्र उन्हाने लांबते. तीन मीटरची पट्टी तापमानातल्या २० अंश सेल्सिअसच्या फरकाने तीन-चार मिलिमीटर वाढू शकते, म्हणून पश्चिमेच्या खोलीत तिची टोके दाबून बसवू नयेत. सागवान उत्तमच, पण रंगाखाली झाकणार असाल तर तो खर्च मला पटत नाही.

माथ्यावर भिंत आणि पट्टी यांच्यात जी फट राहते ती रंग घेणाऱ्या अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरावी. बाथरूमचे सिलिकॉन चुकूनही वापरू नये, त्यावर रंग धरत नाही आणि नंतर ते काढताना भिंत खराब होते. फट तीन मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर सीलंट भरण्यापेक्षा भिंतीचे पोट पटाशीने उतरवावे. स्क्रूच्या खळग्यात लांबी भरून सुकल्यावर घासावी आणि शेवटचा रंगाचा हात सगळे बसल्यावरच द्यावा.

राहिला यंत्राचा प्रश्न. दोन खोल्यांसाठी मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारे कटर मशीन, विकत घेण्याची गरज नाही. मायटर बॉक्स (करवत ठरलेल्या कोनात चालावी म्हणून खाचा असलेली पेटी), बारीक दातांची करवत, कोपिंग सॉ, एक बेव्हल आणि दोन कानशी एवढ्यावर हे काम नीट होते. हे सगळे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते आणि पट्ट्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये निवडून घेता येतात. विकत घेताना पट्टी डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर फिरवावी, वाकलेली परत ठेवावी. मायटर बॉक्समध्ये सहसा ४५ आणि ९० चीच खाच असते, पण पट्टीच्या एका टोकामागे कार्डाच्या एक-दोन घड्या ठेवल्या की अंशभराचा फरक करता येतो. मशीन भाड्याने घेतलेच तर १० इंची पात्याला निदान ६० दात असावेत, आणि दर्शनी बाजू वर ठेवून कापावे. जिगसॉने कापायचे असेल तर दर्शनी बाजू खाली ठेवावी, कारण त्याचे दात वर येताना कापतात.

चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचे पाते लावून काम उरकण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, ती मात्र घरी करू नये. त्या यंत्राचा वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर असतो, दात लाकडात अडकला की यंत्र अंगावर उसळते आणि त्याचे गार्ड अशा पात्यासाठी केलेले नसते. एमडीएफ कापताना नाकावर चांगला मास्क लावावा आणि काप बाल्कनीत किंवा गच्चीवर करावेत. ती धूळ पिठाइतकी बारीक असते, पंख्याखाली घरभर पसरते. सुटलेली पट्टी आता उतरवलीच आहे, तर उरलेल्या खोल्यांना हात घालण्याआधी तिच्या जागी एक नवी पट्टी कोरून बसवून पाहावी. फट दिसणाऱ्या दोन कोपऱ्यांपैकी एक कोपरा तिच्या टोकाला असेल तर त्याचीही दुरुस्ती त्यातच होईल.